कोन्ता परवा?

शाळेत रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक मास्तर कोऱ्या कागदाकडे गंभीरपणे पाहत बसले होते. मी नमस्कार केला, तर म्हणाले, "बस भाऊ. मी फजल करी राहिनू." तेवढ्यात आमचे शिपाई फजलभाई चहा घेऊन आत आले. त्यांना वाटलं, आपल्यालाच हाक मारली. काम करत असल्याचं नुसतं सोंग करणं म्हणजे फजल, असा एक जुना इंग्रजी शब्द आहे, हे मला चहा संपल्यावर कळलं. फजलभाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेत खरं काम करणारा तेवढा एकच माणूस होता.

ते मास्तर म्हणजे आमचे नाना. धुळ्यात देवपूरला बहिणीबरोबर राहायचे, इंग्रजी शिकवायचे. इंग्रजांनीच टाकून दिलेले शब्द जमवायचा त्यांना नाद होता. "हाऊ शब्द मरेल नही, झोपेल शे," असं म्हणत ते वहीत शब्द लिहायचे, पुढे अर्थ आणि एक वाक्य. वाक्य हटकून घरातलं. दुसऱ्याच्या ताटाकडे आशेनं बघत बसणं म्हणजे ग्रोक. त्यापुढे लिहिलं होतं, 'अक्का भाकरी भाजते तेव्हा मी ग्रोक करतो.'

निवृत्तीनंतर नानांची नजर गेली. वह्या चार, आणि अक्षर असं की माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. डोळे मिटायच्या आत सगळे शब्द एका वहीत नीट उतरलेले हवेत, एवढीच त्यांची इच्छा होती. मी दर रविवारी जायचो. ए, बी करत आम्ही एनपर्यंत पोचलो, आणि माझी शिरपूरच्या शाळेत बदली झाली. मग मी थकत गेलो. थकण्यासारखं काही मोठं केलं असंही नाही. याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. रविवारी नुसतं पडून राहावंसं वाटायचं.

नानांचा फोन यायचा. "ओ बाकी शे रे, विलास."

"परवा येतो, नाना."

"कोन्ता परवा? गयेल का येनारा?"

मी हसायचो. ते हसत नसत. येणाऱ्या परवासाठी इंग्रजीत पूर्वी वेगळा शब्द होता, ओव्हरमॉरो. "त्यासनी फेकी दिधा. आपलाकडे दोन्ही परवा एकच, म्हनीसन तुनं चाली जास."

यंदा एका सोमवारी मी म्हणालो, "नाना, परवा नक्की. ओव्हरमॉरो."

"लिखी ठेवू?"

"ठेवा."

मंगळवारी सर्वेक्षणाची ड्युटी लागली, सातपुड्यातल्या पाड्यांवर. तिथं रेंज नव्हती हे खरं. पण निघण्याआधी एक फोन करता आला असता. मी कंटाळा केला. त्याची आज फार लाज वाटते.

शुक्रवारी परस्पर देवपूरला गेलो. नाना चिडले असतील, एवढीच धास्ती होती. ओट्यावर त्यांची खुर्ची होती, समोर माझं स्टूल मांडलेलं. अक्का दारात आल्या.

"नाना परवा गयात रे भाऊ. सकायपासून खुर्चीवर बशेल व्हतात, तुनी वाट देखी राहिंतात. दुपारले मान टाकी दिधी."

त्यांनी वही आणून माझ्या हातात दिली. एनपर्यंत माझं अक्षर. ओच्या पानावर मात्र नानांनी स्वतः लिहिलं होतं, चाचपडत, ओळीवर ओळ चढलेली. सगळ्या पानावर एकच शब्द. 'ओव्हरमॉरो : येणारा परवा. विलास ओव्हरमॉरोला येणार आहे.'

सोमवारी मी फोनवर म्हणालो तो परवा आणि अक्का दारात म्हणाल्या तो परवा, दोन्ही एकच बुधवार होता. वाक्य बरोबर आहे, नाना. मीच आलो नाही.