शून्य, सहा, शून्य, नऊ

काही घटना मनातून जाता जात नाहीत, आणि ही जावी असं मला वाटतही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पुरात सापडलेली प्रेतं पाहिली. पण ज्या पुराव्यानं मला आतून हलवलं, तो म्हणजे एक काळा पडदा होता. काळा पडदा आणि खालच्या कोपऱ्यात पांढरे आकडे, बस्. नावं मी कुणाचीच सांगणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच रस्त्यावर राहतात आणि मला कधीमधी भेटतात.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. गोंडपिपरीकडे दारू दुकानात मिळते आणि आमच्याकडे बंदी, त्यामुळे पुलावरून काय काय येतं ते विचारू नका. भाजीच्या टोपलीतून येते, दुधाच्या कॅनमधून येते, एकदा तर वरातीतल्या ढोलातून आली. माझी अर्धी नोकरी लोकांच्या डिक्क्या हुंगण्यात गेली असं घरी बायको म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

फाट्यावर पंक्चर काढणारा एक जण आमचा खबऱ्या होता. त्यानं खबर दिली की पलीकडून दवाखान्यांसाठी औषधं घेऊन येणारी एक गाडी आहे; ती औषधं उतरवून परत जाताना सरळ न जाता, बंद पडलेल्या लाकूड डेपोच्या आडरस्त्याला वळते. बराच वेळ तिथेच असते. आणि आत शिरण्याआधी ड्रायव्हर काचेवरच्या कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकतो. खबऱ्याचं म्हणणं, औषधाच्या खोक्यांआड दारू येते आणि ती डेपोत उतरते. ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं.

मी गाडीच्या मालकाला शांतपणे बोलावून घेतलं. तो तर आधीच वैतागलेला होता. म्हणाला, साहेब, मलाही शंका आहे. गाडीत डॅशकॅम बसवला तर तो सारखा ‘कार्ड फुल’ दाखवून बंद पडतो. दुकानदारानं आधी मोठं कार्ड दिलं, तेही भरलं. मग तो म्हणाला लायटरच्या सॉकेटवरून करंट नीट येत नसेल, म्हणून फ्यूजपासून नवी वायर ओढली. शेवटी जुना कॅमेरा काढून नवा, भारीतला घेतला. त्यात जीपीएस, गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे ते चित्रावरच उमटतं. त्याचंही कार्ड भरलं, आणि उघडून पाहिलं तर निम्म्या चित्रफिती काळ्या. मालक म्हणाला, ड्रायव्हर जुना आहे, हात असा की डॅशबोर्डवर पाण्याचा भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही. पण आता माझा विश्वास उडाला. तुम्ही काय तो निकाल लावा, नाहीतर उद्यापासून त्याला घरी बसवतो.

दुसऱ्या दिवशी पुलावर नाकाबंदी लावून गाडी थांबवली. पंचांसमक्ष झडती घेतली. सीटखाली, स्टेपनीमागे, खोक्यांच्या तळाशी, सगळीकडे पाहिलं. औषधं होती ती चलनाप्रमाणे बरोबर होती. दुसरं काहीच नाही. औषधं दुसऱ्या गाडीनं पुढे पाठवली, कॅमेरा पंचनामा करून ताब्यात घेतला आणि ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

साठीकडे झुकलेला माणूस. शर्टाला इस्त्री, गाडी आतून आरशासारखी पुसलेली. मी चहा मागवला. त्यानं कप हातात घेतला पण ओठाला लावला नाही. डेपोच्या रस्त्याला का वळता, कॅमेरा का झाकता, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, “साहेब, मी पंचशील पाळतो. दारूले हात नाई लावत. बाकी त्या रस्त्याचं मले इचारू नका.”

यापुढे एक अक्षर नाही. आमचा हवालदार आवाज चढवू लागला तसा मी त्याला बाहेर पाठवला. चौकशीतला माझा अनुभव असा की चोर फार बोलतो. तो कुठे होता, कोण सोबत होतं, वाटेत म्हैस कशी आडवी आली, सगळं न विचारता सांगतो. हा माणूस बोलतच नव्हता. आणि असा गप्प बसणारा बहुतेक वेळा स्वतःला नाही, दुसऱ्याला झाकत असतो. पण कुणाला, ते काही केल्या कळेना.

मग मी कॅमेरा घेऊन बसलो. मला या यंत्रांचा नाद आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या स्वतःच्या गाडीतला कॅमेरा मी इतक्या वेळा उघडून जोडला आहे की त्यावरून घरात माझी टिंगल चालते. आमच्याकडच्या उन्हात आधी त्याचा चिकटपट्टा सुटतो, मग आतली बॅटरी फुगते. आणि लोक म्हणतात कंपनी खराब. पण इथे सगळं जागच्या जागी होतं. वायर ठीक, कार्ड ठीक. मी मेनू उघडला आणि कपाळावर हात मारला. हा कॅमेरा कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फीत पुसून तिच्यावर नवी लिहितो. मात्र गाडीला धक्का बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि ती फीत तो कुलूप लावून ठेवतो. कुलूपबंद फीत पुसली जात नाही. या कॅमेऱ्याचा धक्का ओळखण्याचा काटा अगदी वरच्या टोकाला ठेवलेला होता, म्हणून जरा गचका बसला की फीत बंद, आणि अशा फितींनीच कार्ड भरायचं. दुकानदारानं कार्ड विकलं, वायर विकली, कॅमेरा विकला. मेनू तेवढा उघडून पाहिला नाही. अशा लोकांना काय म्हणावं!

हवालदार म्हणाला, आपले रस्तेच असे, धक्के बसणारच. मीही आधी तेच धरून चाललो होतो. पण फितींवर जागा उमटलेली होती. खड्ड्यांनी भरलेल्या मोठ्या रस्त्यावर धक्क्याच्या फिती तुरळक होत्या, आणि डेपोच्या रस्त्यावर रास पडली होती. डेपोचा रस्ता मी ओळखून होतो. डेपो बंद व्हायच्या जरा आधीच त्यावर डांबर पडलं होतं, तळहातासारखा सपाट. खड्ड्यातून अलगद गाडी काढणारा माणूस सपाट रस्त्यावर धक्के का खातो?

मी त्या काळ्या फिती एकेक करून लावल्या. चित्र नाही, आवाजही बंद केलेला. फक्त कोपऱ्यात वेग. शून्य. सहा. शून्य. नऊ. शून्य. मग बराच वेळ शून्य. पुन्हा चार, पुन्हा शून्य. हवालदार म्हणाला, साहेब, जीपीएस बिघडलं. मी त्याला गप्प केलं, कारण हे आकडे मी कुठेतरी अंगावर सोसले होते. पोलीस लाईनच्या मैदानावर मी बायकोला गाडी शिकवत होतो तेव्हाचे ते गचके होते. क्लच झटक्यात सुटतो, गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. तिनं शेवटी किल्ली माझ्या अंगावर फेकली होती आणि पायी घरी गेली होती.

आता मी सगळ्यात अलीकडची, कुलूप नसलेली काळी फीत लावली. शून्य, सात, पंधरा, बावीस, तीस. तीसवरच राहिले आकडे. मग हळूहळू खाली, वळण, पुन्हा वर. एकही गचका नाही. दुपट्ट्याच्या आड कुणीतरी गाडी शिकलं होतं. मला इतका आनंद झाला की मी हवालदाराच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याला काही कळलं नाही.

मी ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, “भाऊ, कोणाला शिकवून राह्यले गाडी?”

त्यानं कप खाली ठेवला. तो रडला नाही, पण डोळे भरून आले. म्हणाला, “साहेब, माह्यावर जे लावायचं ते लावा. नोकरी जाऊ द्या. पण चौकीत तिचं नाव नका आनू.”

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, घरी जायचं असतं. हा कायदा आहे आणि त्या दिवशी मला तो फार आवडला. आमच्या महिला पोलिसाला साध्या साडीत सोबत घेतलं, सरकारी गाडी ठेवून माझ्या खाजगी गाडीनं निघालो, आणि ड्रायव्हरलाच वाट दाखवायला पुढे बसवलं. दोन खोल्यांचं सारवलेलं घर. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, झेंडूची फुलं, आणि शेजारी एका तरुण मुलाचा फोटो. दारात ड्रायव्हरची बायको होती. तिच्या मांडीवर नात, किडकिडीत पोर, डोळे पिवळसर. आणि आतून पदर सावरत सून आली. आपला सासरा पोलिसांसोबत पाहून तिला काय ते समजलं. मला बसायलाही न सांगता ती बोलू लागली.

“मामाजीले काई करू नका, साहेब. मीच त्याईच्या मागं लागली. मीच म्हनलं, मले गाडी शिकवा.”

मग हळूहळू सगळं कळलं. फोटोतला मुलगा म्हणजे तिचा नवरा. त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. बरा चाललेला माणूस अचानक अंगात कळा येऊन तळमळू लागतो, आणि तेव्हा दवाखाना वेळेत गाठावा लागतो. धान कापणीच्या दिवसांत त्याला तशा कळा आल्या. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. शेजाऱ्याच्या अंगणात जीप उभी होती. शेजारी लग्नाला गेला होता, पण किल्ली त्याच्या आईनं काढून दिली. गाडी होती, किल्ली होती, डिझेल होतं. चालवणारा नव्हता. शेवटी बैलबंडीत घातलं आणि तो वाटेतच गेला. त्या वेळी त्याचा बाप लोकांची औषधं घेऊन जिल्हाभर फिरत होता.

हे सासूनं सांगितलं. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा होता. सून नातीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “पोरीले बी तेच हाय. आता हिले काई झालं, तं मी कोनाची वाट पाहू?”

सासरा दुपारी परतताना ती शेतातल्या वाटेनं डेपोच्या रस्त्यावर त्याचा डबा घेऊन जायची आणि तिथंच शिकवणी चालायची. गावात शिकवलं असतं तर विधवा सून सासऱ्यासोबत गाडीत हिंडते म्हणून लोकांनी तिला जगू दिलं नसतं. मालकाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून दुपट्टा. ट्रंकेतून तिनं शिकाऊ परवाना काढून दाखवला, घडी न पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

मालकाला सांगू का, असं मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, सांगा, चोरी थोडीच केली. मालक ऐकून आधी उखडला. डिझेल माझं, गाडी माझी, आणि सगळ्यात शेवटी मलाच कळतं! मग त्यानं विचारलं की पोरीच्या गोळ्या वेळेवर मिळतात ना. ड्रायव्हर कामावर राहिला. मालाच्या गाडीवर शिकवणं नियमात बसत नव्हतं, ते मी थांबवायला लावलं. शेजाऱ्यानं आपली जीप दिली, आमच्या हवालदारानं स्वतः लाल रंगानं ‘L’ लिहून दिला, आणि शिकवणी भर गावात सुरू झाली. लोक थोडे दिवस बोलले. मग त्यांना दुसरा विषय मिळाला.

स्टेशन डायरीत मी नोंद केली की झडतीत काही मिळून आलं नाही. कॅमेऱ्याचा धक्क्याचा काटा खाली आणला आणि मालकाला विचारून कार्ड साफ केलं. साफ करण्याआधी माझा हात थोडा अडखळला. त्या कार्डात तिचा प्रत्येक गचका जपून ठेवलेला होता, आणि ती नीट चालवू लागल्यापासूनचं बहुतेक पुसलं गेलं होतं. आम्हा पोलिसांची दप्तरंही अशीच असतात. माणूस एकदा धडकला की त्याची नोंद कायमची. पुढे वर्षानुवर्षं सरळ चालला तर त्याची फीत कुणी ठेवत नाही. त्या केसनंतर मी कुणाचंही जुनं रेकॉर्ड वाचताना मनाशी म्हणायचो, पुसलेलं बरंच असेल. आजही म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका आरोपीची वैद्यकीय तपासणी करून घ्यायला मी ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. दारातच चौकीदार ओरडत होता की ॲम्ब्युलन्सच्या जागेवर ही जीप कोणी घातली. जीप तिरपी, एक चाक फुलांच्या वाफ्यात, दार सताड उघडं. आतून सून आली, केस विस्कटलेले. पोरीला सलाईन लावलं होतं, वेळेत आणलं असं डॉक्टर म्हणाले होते. मला पाहून ती म्हणाली, “साहेब, गाडी जरा मागं घेऊन द्या ना. मले रिव्हर्स अजून नीट नाई जमत.” मी जीप मागे घेतली, नीट लावली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

थोड्या वेळानं ड्रायव्हर पोचला, मिळेल त्या गाडीनं, धावतच. आत जाऊन नातीला पाहून आला. ती झोपली होती. व्हरांड्यात येऊन त्यानं जीपकडे पाहिलं, मग चौकीदाराकडे, मग बाकावर बसलेल्या अनोळखी बायामाणसांकडे. ठाण्यात ज्यानं जीव गेला तरी तिचं नाव घेतलं नसतं, तो माणूस आता कुणी विचारलं नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला.

“ही गाडी माह्या सुनेनं आनली,” तो म्हणाला. “एकटीनं चालवत आनली.”