शॉकअपमध्ये कोंबलेली ट्यूब

नातीनं अंगणात जुन्या डर्ट बाइकचं शॉकअप उघडलंय. नवं परवडत नाही म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे स्प्रिंगमध्ये कोंबते आहे. सांगून थकले, ऐकेल तर शपथ! त्या रबराच्या वासानंच माझी कंबर चमकली.

हीच अक्कल मीही पाजळली होती. सासूबाई आमची खटारा फटफटी विकायला निघाल्या होत्या, आणि मला तर ती चालवायचा भारी शौक. गाडी अजून धडधाकट आहे हे पटवायला स्प्रिंगा ट्यूबनं ठासल्या, सासूबाईंना मागं बसवलं नि ऐटीत बोरी अरबच्या बाजाराला निघाले. गाडीचा दगड झाला होता. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात.

"अवं, बाजारात नेऊन राह्यली का देवाघरी?"

"चुपचाप बसा ना, आत्याबाई!" मी शहाणी सासूबाईंवरच खेकसले.

बाजारात त्या कंबर धरून उतरल्या. "नाही विकत तुही गाडी. एवढा शौक हाये तं चालव तूच. मी मात्र एसटीनं वापस येतो."