आधी चूक, मगे भात

आमच्या टीचरनी आयुष्यात कुणालाही तिची चूक दाखवून दिली नाही. जिची चूक तिनेच सांगायची, आणि तीही जेवायच्या आधी. मॅच संपलेली असायची, अंगाला घामाचा वास येत असायचा, पोटात कावळे ओरडत असायचे, समोर वाफाळता उकडा भात यायचा. पण टीचर ताटाला हात लावू देतील तर शपथ. एकेकीने उभं राहायचं, आज आपण काय चुकलो ते एका वाक्यात सांगायचं, खाली बसायचं आणि मग जेवायचं. दुसरीची चूक सांगायला सक्त बंदी. सगळ्यांचं झालं की शेवटी टीचर उभ्या राहायच्या, स्वतःची चूक सांगायच्या आणि मगच भात कालवायच्या. “आधी चूक, मगे भात,” हे त्यांचं वाक्य आमच्या टीममधल्या सगळ्या जणींना जेवणाच्या श्लोकाच्या आधी आठवतं. माझ्या पोरांना मी आजही हेच म्हणते. पोरं म्हणतात, आई, आधी तुझी सांग. तिथे मात्र मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठते.

टीचर म्हणायचो, पण त्या काही शिकवत नव्हत्या. त्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररियन. किनाऱ्यावरचं लहानसं कॉलेज, खेळाचे सर म्हणून कुणी नव्हतंच. ख्रिस्ती घरातल्या टीचर लहानपणी गोव्याला आजोळी राहून नन्सच्या शाळेत शिकल्या, तिथे बास्केटबॉल खेळल्या होत्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी मुलींची टीम काढली. चणीने एवढ्याशा, नाकावर चष्मा, नेसायला सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, या बाईंची चप्पल हरवली असणार.

मला त्यांनी कशी निवडली ते ऐकलंत तर माझ्या खेळाविषयी वेगळं काही सांगायला नको. मी कसालच्या पलीकडल्या गावातली, भातशेतीवाल्याची मुलगी. उंची पाच फूट नऊ इंच. आमच्या गावात मुलीच्या अंगी एवढी उंची म्हणजे दुखणंच. आई उठता बसता म्हणायची, “ह्या माडाक नवरो खंय गावतलो?” कॉलेजला मी सकाळच्या पहिल्या गाडीने यायचे आणि तास सुरू होईपर्यंत लायब्ररीत पंख्याखाली झोपायचे. एक दिवस उशाला घ्यायला म्हणून वरच्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश काढला. टीचर टेबलावरून बघत होत्या. जवळ आल्या आणि कुजबुजल्या, “स्टूल घेतलंस काय गो?” मी म्हटलं नाही. “संध्याकाळी मैदानावर ये.” मला वाटलं शिक्षा आहे. तीन वर्षं खेळल्यावरही बघणाऱ्यांना तसंच वाटायचं.

कुजबुजणं हा त्यांचा स्वभावच. जन्म लायब्ररीत गेलेला. मैदानावरही आवाज चढत नसे. समोरच्या टीमचा कोच टाइम-आउटमध्ये घसा फाडून ओरडतोय आणि इकडे आम्ही सात जणी डोकी एकत्र करून टीचरच्या तोंडाशी कान नेतोय, हे बघून रत्नागिरीची पोरं आम्हाला ‘नवस बोलणारी टीम’ म्हणायची. त्या आमच्याशी बोलायच्या मालवणीत. प्रमाण मराठी त्यांनी दोन ठिकाणांसाठी राखून ठेवली होती, एक प्राचार्यांच्या केबिनसाठी आणि दुसरी रागासाठी. “तू उद्यापासून वेळेवर येशील अशी मी अपेक्षा करते,” असं त्यांनी म्हटलं की दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधीच हजर. त्यापेक्षा आईच्या शिव्या परवडल्या.

मैदान म्हणजे कॉलेजच्या मागचं चिऱ्याचं अंगण, दोन टोकांना दोन लोखंडी रिंगा आणि एका कोपऱ्यात काजूचं झाड. चेंडू कुठल्या चिऱ्यावर आपटून कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नसे. सरावाला पंच कुठून आणणार? म्हणून टीचरचा दुसरा नियम: “हात लागलो तर हात वर.” चेंडू तुझ्या हाताला लागून बाहेर गेला, तुझा धक्का कुणाला लागला, तर तूच हात वर करायचा. कुणी बघितलं की नाही, हा प्रश्नच नाही. मी एकदा म्हटलं, टीचर, कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या म्हणाल्या, “तुझ्या लक्षात इला ना?” आम्हाला हात वर करायची इतकी सवय झाली, की वर्गात कुणाचं पेन खाली पडलं तरी माझा हात वर जायचा. मास्तरांना वाटायचं मला उत्तर येतंय.

ही सवय आमच्या मुळावर आली. दुसऱ्या वर्षी सेमी फायनलला आमची कॅप्टन हेमा जीव तोडून खेळत होती. हेमा आमच्यातली एकमेव खरी खेळाडू, बाकीच्या आम्ही मोजणी पुरी व्हावी म्हणून होतो. शेवटच्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला, पंचांनी आमच्या बाजूने हात दाखवला आणि हेमा भर मैदानात हात वर करून उभी राहिली. पंच बिचारे गोंधळले. तिला पाणी हवंय की काय म्हणून विचारायला आले. ती म्हणाली, माझ्या हाताला लागला. चेंडू त्यांना गेला आणि एका गुणाने आम्ही हरलो. त्या दिवशी जेवताना हेमाने स्वतःची चूक म्हणून हेच सांगायला सुरुवात केली, तर टीचरनी तिला थांबवलं. “ही चूक न्हय. दुसरी सांग.” बिचारीला दुसरी सुचेना, शेवटी बुटाची नाडी सैल होती म्हणाली.

प्राचार्यांना मात्र ती चूकच वाटली. त्यांना मैदानाच्या जागी दुचाक्यांसाठी शेड घालायची होती. पुढल्या वर्षी कॉलेज उघडताच त्यांनी टीचरना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, यंदा चषक आला तर रिंगा राहतील, नाहीतर उन्हाळ्यात काढू. टीचर केबिनमधून बाहेर आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “आपल्याला या वर्षी जिंकणं आवश्यक आहे.” प्रमाण मराठीत. आम्ही समजलो.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, याचं श्रेय हेमाला आणि समोरच्या एका टीमला झालेल्या तापाला. मी नेहमीप्रमाणे बाकावर होते. माझं काम पाण्याच्या बाटल्या सांभाळणं आणि उंच दिसणं. समोरच्या टीमने मला बघून बावचळावं, एवढीच अपेक्षा. पण शेवटची अडीच मिनिटं उरली असताना आमच्या एका मुलीचे पाच फाऊल झाले, ती बाहेर, दुसरीचा पाय मुरगळलेला. बाकावर मी आणि बाटल्या. टीचरनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत आशा वगैरे काही नव्हती. “जा बाय. हात वर ठेव, बाकी काय करू नको.”

मी तेच केलं. अडीच मिनिटं मी हात वर करून माडासारखी उभी होते. आम्ही एका गुणाने मागे. शेवटचे काही सेकंद. समोरच्या मुलीने लांबून पास फेकला, तो माझ्या दिशेने आला, मी घाबरून उडी मारली, आणि चेंडू माझ्या बोटांच्या टोकांना घासून बाहेर गेला. पंच उभे होते दुसऱ्या बाजूला. त्यांना वाटलं, पास सरळ बाहेर गेला. त्यांनी चेंडू आम्हाला दिला.

तीन वर्षं सांगून सांगून हाडीमाशी भिनलेला तो हात. सारखा वर जाणारा. आणि तो त्या दिवशी, खरोखरच वर असताना, मी खाली घेतला. पाठीमागे नेला, चक्क कमरेवर पुसला. तेवढ्यात चेंडू हेमाकडे गेला, हेमाने फेकला, पडला, शिट्टी वाजली आणि आम्ही जिंकलो. पोरी माझ्या अंगावर येऊन पडल्या. मी ओरडत होते सगळ्यांत मोठ्याने. माझ्यासारख्या माणसाला आवाज कधी काढायचा ते बरोबर कळतं.

परतीच्या वाटेवर तळेऱ्याला एका खानावळीत जीप थांबवली. दुपार कलली होती. बांगड्याचं तिखलं आणि भात. चषक टेबलाच्या मधोमध, जणू तोही जेवणार. नियमाप्रमाणे एकेक उठली. कुणी म्हणाली पास चुकला, कुणी म्हणाली दम लागला. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा टी-शर्ट उलटा घातला होता. सगळ्या हसल्या, कारण ते खरंही होतं. मी बसले आणि जेवले. चांगली दोनदा भात घेऊन जेवले.

शेवटी टीचर उभ्या राहिल्या. थोडा वेळ चषकाकडे बघत राहिल्या. “माझी चूक मी आज सांगूचंय नाय,” एवढंच म्हणाल्या, बाहेर गेल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. दमल्या असतील, हेमा म्हणाली. त्यांचं ताट तसंच राहिलं. त्यातला बांगडा कुणी खाल्ला ते मला विचारू नका.

रिंगा राहिल्या. शेड पुढे दुसरीकडे झाली. मी लग्न होऊन देवगडला आले. नवरा मिळाला, पाच फूट पाच इंच, आईचा जीव भांड्यात पडला. आता सासरची आंब्याची बाग सांभाळते. पेट्या न्यायला आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला मी ती फायनल सांगितली आहे. सांगता सांगता माझी अडीच मिनिटं दहा झाली, आणि मी शून्य गुणांवरून आठ गुणांवर आले. एवढी प्रगती मी मैदानावर कधीच केली नाही. फक्त तो पास मी कुणाला सांगितला नाही. गोष्ट तिथे आली की माझा हात आपोआप कमरेवर जायचा.

गेल्या महिन्यात टीचर निवृत्त झाल्या. घरी एकट्याच, म्हणून गोव्याला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा जुन्या मुलींना दुपारी जेवायला बोलावलं. पाच जणी जमलो. सामान बांधलेलं, भिंतीवरची चित्रं उतरवलेली, पण चुलीवर कोंबडीची सागोती रटरटत होती. ताटं मांडली आणि टीचर कुजबुजल्या, “आधी?”

पोरी हसल्या. चौदा वर्षांनी चुका काय सांगायच्या? एकीने सांगितलं, नवरा निवडला ती चूक. हेमा म्हणाली, खेळ सोडला. मी उभी राहिले. टी-शर्टासारखं काहीतरी तयार ठेवलं होतं. पण समोर ती बांधलेली खोकी दिसली आणि मला कळलं, आज नाही सांगितलं तर ऐकायला माणूस राहणार नाही. मी सांगून टाकलं. पास, बोटं, कंबर, सगळं. सांगताना मला रडू आलं, याची मला अजून लाज वाटते, कारण सगळ्यांच्या नाकात सागोतीचा वास होता आणि माझ्यामुळे जेवण थांबलं होतं.

पहिली हेमा बोलली. “म्हणजे माझो बास्केट...”

“तुझो बास्केट तुझोच,” टीचर म्हणाल्या. “बॉल आमचो नव्हतो.” मग माझ्याकडे वळल्या. “माका ठाऊक आसा. मी बघलंय.”

टीचर उभ्या राहिल्या, तळेऱ्याला राहिल्या होत्या तशाच, आणि आपली चूक सांगू लागल्या. त्यांना माझ्या बोटांना लागलेला चेंडू दिसला होता. हाक मारायची होती, माझं नाव जिभेवर आलं होतं, आणि त्या गप्प बसल्या, कारण त्यांना रिंगा हव्या होत्या. जन्मभर पोरींना जे शिकवलं ते एका चषकासाठी गिळलं. चर्चमध्ये फादरकडे कबुली द्यायला त्या किती वेळा गेल्या, पण दर वेळी न सांगताच परत आल्या.

“फादर विचारतलो, पश्चात्ताप झालो काय? काय सांगू? त्या रिंगांखाली आज सकाळीसुद्धा पोरी खेळत होत्यो. माका पश्चात्ताप होयनाच. तीच माझी चूक.”

त्यांनी चष्मा पुसला, खाली बसल्या आणि चौदा वर्षांपूर्वीचं ताट समोर असल्यासारखा भात ओढून घेतला. मग सगळ्यांना वाढायला लागल्या. हेमाला वाढलं, बाकीच्या तिघींना वाढलं. मी ताट पुढे केलं. त्यांनी डाव माझ्या ताटावरून तसाच पुढे नेला आणि कुजबुजल्या,

“तू रव. तळेऱ्याक दोनदा जेवलंस.”