सौंदडच्या तलावात उतरलेलं विमान

माझं लग्न कसं जमलं ते विचारूच नका! पण आता चहा पाजलाच आहे तुम्ही, तर ऐका. एवढी फजिती दुसऱ्या कोणाची झाली असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, मी त्याच्या पाया पडतो.

तेव्हा मी मुंबईला आरमाराच्या एका कचेरीत ट्रेसर होतो. देश नवा, आरमार वाढतं. विलायतेत अर्धवट राहिलेलं एक विमानवाहू जहाज आपण घेतलं होतं, तिकडे त्याचं काम चालू होतं. त्याचे नकाशे आमच्या टेबलावर यायचे. माझं काम काय? वर पातळ कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ ओढायची. संपलं! जहाज काही मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पण हे आमच्या भिवामामाला कोण सांगणार?

रजेवर आमगावला घरी आलो, तर मामानं सौंदडची मुलगी बघून ठेवलेली. तिथं गेलो तर अंगणात अर्धं गाव!

"मामा, एवढी गर्दी काऊन?"

"काही नाही रे. मी इतकंच सांगतलो का भाचा पान्यातल्या जहाजावर इमान उतरवते."

झालं! तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं की नाही? पण दाराआडून मुलगी बघत होती. पार्वता. अशा वेळी "मी रेघा ओढतो" असं कोणाच्या तोंडून निघेल?

मुलीचे वडील धानाचे मोठे शेतकरी, माणूस सरळ. त्यांनी मनापासून विचारलं, "आमचा बैल उधळला त धानाच्या वावरातल्या चार बांध्या पार करते. मंग इमान एवढ्याशा जहाजावर थांबते कसं जी?"

नेमकं हेच मला ठाऊक होतं! त्या आठवड्यात तोच नकाशा काढला होता ना. म्हटलं, "जहाजावर आडव्या तारा असतात. विमानाच्या शेपटीला आकडा. आकडा तारेत अडकला की विमान जागीच थांबतं."

"असं? दाखवा बरं!"

मातीत काडीनं चित्र काढून दाखवता आलं असतं. पण नाही! मी म्हणालो, "चला तलावावर."

दोन डोंगे, म्हणजे लहान लाकडी होड्या, शेजारी शेजारी बांधून काठाला लावले. वर गोठ्याची दारं आडवी टाकली, हे झालं जहाज. त्यावर आडवं दावं ताणलं, ही झाली तार. विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ दोरीनं माझ्या कंबरेला मागून बांधला. आता विमान कोण? अर्थात मी!

पार्वताचे वडील म्हणाले, "मी पुढं उभा राहतो. नीट दिसन."

जहाजाच्या पार टोकाला, खोल पाण्याच्या बाजूला, ते पांढरंशुभ्र धोतर नेसून उभे राहिले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सारं गाव. मी दोन्ही हात पसरले, तोंडानं घर्रर्र आवाज काढला आणि पाळीवरून सुटलो!

दाव्यावरून गेलो. गळ दारावर टणकन आपटला, उडाला आणि दाव्यावरून निसटला. आता थांबायचं कसं? नकाशात त्याचं उत्तर नव्हतं! मी तसाच पुढं, सासऱ्यांच्या बाजूनं सटकलो, आणि गळ अडकला तो बरोबर त्यांच्या धोतरात. धप्प! मी पाण्यात, धोतर माझ्यामागे, सासरे धोतरामागे!

आणि एक गोष्ट तर सांगायची राहिलीच. मला पोहता येत नव्हतं.

"आरमारातला मानूस हाय, येईन वर," पाळीवरून मामा सगळ्यांना धीर देत होता. मी बुडत होतो आणि तो माझी तारीफ करत होता!

तेवढ्यात कोणीतरी माझे केस पकडले. डोळे उघडले तर पार्वता! लुगड्याचा काचा मारून तिनं थेट उडी घेतली होती. मला धानाच्या पेंडीसारखं ओढत काठावर आणून टाकलं. त्या दिवशी ती नसती, तर आज हा चहा तुम्ही एकटेच पीत असता.

तोंडातून पाणी गेल्यावर मी पहिल्यांदा खरं बोललो. "मी फक्त नकाशांच्या नकला काढतो जी. विमान उतरवत नाही."

"ते त दिसलंच!" तलावातून आवाज आला.

सासरे पोहत काठाजवळ आले होते, पण अजून गळ्याइतक्या पाण्यातच उभे होते. धोतर माझ्या कंबरेला, ते बाहेर येणार कसे? दुसरा कोणी असता तर शिव्यांची लाखोली वाहिली असती. हा देवमाणूस हसत सुटला! हसता हसता ठसका लागला. मग तिथूनच त्यांनी लेकीला विचारलं,

"काव पार्वता, पोरगा पसंत हाय का? का नाही म्हनून सांगू?"

मी मान खाली घातली. आता परतीची गाडी कधी आहे, एवढंच मनात.

पार्वतानं ओला पदर पिळला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली,

"आता बाहेर काढलंच हाय, त राहू द्या."

तेव्हापासून राहूनच राहिलो आहे!