काटा एकावर होता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बहिणीला सांगितली नाही, मुलीला नाही. नमाजानंतर हात उचलले की सगळ्यांसाठी सगळं मागायचे, आणि ह्या गोष्टीपाशी आले की जीभ अडखळायची. आता तुम्हाला सांगते. बसा जरा.

आमचे हे रियाधमध्ये मेकॅनिक होते. जुन्या गाड्यांचे. जुन्या अमेरिकन गाडीत नवं, दांडगं इंजिन बसवायचं, मागेपुढे सगळं जुळवायचं, हे त्यांचं काम. माझी जवानी खाडीकाठच्या गावात गेली — दोन वर्षांतून एकदा येणारा नवरा, तोही दोन महिन्यांचा पाहुणा. मुलीचं लग्न झालं तेव्हा कुठे त्यांनी मला तिकडे नेलं. रियाधच्या अल मलाझ भागात दोन खोल्या. संध्याकाळी ते घरी यायचे, ग्रीसचा वास घेऊन. तुम्हाला हसू येईल, पण मला तो वास अत्तरासारखा वाटायचा.

मग सौदीकरणाचे दिवस आले — कामं तिथल्याच माणसांना द्यायची, असा सरकारी हुकूम. दुकानादुकानांतून आपली माणसं निघू लागली. परदेशी माणसाच्या बायकामुलांवर सरकारी फी बसली, तशी आमच्या इमारतीतली बिऱ्हाडं रिकामी व्हायला लागली — नवरे मागे, बायका गावी. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "सकीना, तू पुढे हो. मी काढतो अजून चार-पाच वर्षं." मी भात वाढत होते. वाढत राहिले. पुन्हा तेच? पुन्हा खाडी, आणि फोनवर "जेवलात का"?

ह्यांचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर तिथे राहायचं ते मालक, अबू सालेह; गॅरेज त्यांचंच. त्यांना आता एकच परदेशी मेकॅनिक ठेवता येणार होता. त्यांच्या मनात आमच्या ह्यांनाच ठेवायचं होतं. पण त्याआधी त्यांची स्वतःची जुनी गाडी, वडिलांच्या वेळची, नवं इंजिन घालून तयार व्हायला हवी होती. तीत बसून त्यांना ताइफला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. "गाडी पाण्यासारखी चालली की तुझा इकामा पक्का," असं त्यांनी ह्यांना सांगितलेलं. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना.

आणि ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. कफीलला कळलं तर संपलंच, म्हणून डॉक्टरकडेही जात नव्हते. बारीक आकडे दिसत नसत. कफीलच्या घरामागच्या शेडमध्ये शुक्रवारी काम चालायचं, आणि डबा घेऊन मी सोबत जायचे — आकडा वाचायला. कोन मोजायचं एक लहानसं यंत्र असतं, लोहचुंबकाने लोखंडाला चिकटतं, त्यावर काटा. पोळपाट तिरका धरून ह्यांनी मला ते स्वयंपाकघरात शिकवलं होतं. चौथी शिकलेली बाई मी, पण काटा वाचायला पक्की झाले. "माझी इंजिनीअर," म्हणायचे.

काम असं — पुढे गिअरबॉक्स, मागे चाकांमधलं हौसिंग, म्हणजे गिअरची लोखंडी पेटी, आणि दोघांना जोडणारा लांब शाफ्ट. गिअरबॉक्सचं तोंड जितकं खाली झुकलेलं, तितकंच हौसिंगचं तोंड वर उचललेलं हवं. कमी पडलं तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी पाचर घालून उचलायचं. नाही उचललं, तर वेग घेतला की गाडी थरथरते.

त्या शुक्रवारी गिअरबॉक्स चार अंश झुकलेला निघाला. तो आकडा मी खरा सांगितला. मग ह्यांनी यंत्र मागे लावलं. मी चटईवर आडवी होऊन गाडीखाली सरकले.

काटा एकावर होता.

मी म्हटलं, "चार."

इतकंच. एक शब्द. आधी ठरवलं होतं का? मला वाटतं, भात वाढतानाच ठरलं होतं. गाडी थरथरली की ह्यांचा इकामा जाईल, आणि आम्ही दोघं बरोबर गावी जाऊ — एवढंच दिसत होतं. त्यांचं काय होईल, ते मी बघितलंच नाही.

"चार? मग पाचर नकोच," ते म्हणाले. तरी हौसिंगवर तळवा ठेवून पडून राहिले. "हात तर सांगतोय, कमी आहे."

अबू सालेह गाडी मोठ्या रस्त्यावर घेऊन गेले. परत आले तेव्हा चेहरा काळवंडलेला. "वल्लाह, दात वाजले माझे!" हे पुन्हा गाडीखाली. शाफ्टच्या टोकांचे सांधे, क्रॉस म्हणतात ते, तपासले, शाफ्ट काढून फिरवून पाहिला. मग मला हाक मारली, "सकीना, नीट बघ गं. काय म्हणतोय?"

मला तेव्हा सावरता आलं असतं. पहिल्यांदा चूक झाली म्हणाले असते तर हसले असते ते. मी म्हटलं, "चारच. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

त्यांनी तळवा हौसिंगवरून काढला आणि बघत राहिले त्याच्याकडे. यंत्राकडे नाही — हाताकडे.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणी पाचर घातली, गाडी पाण्यासारखी गेली. तेव्हा तरी माझ्यावर संशय घ्यावा? "मीच यंत्र तिरकं लावलं असणार. एवढंही जमत नाही आता हाताला," म्हणाले. अबू सालेहना त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझा हात गेला, मला सोडा." आम्ही एकाच विमानाने परतलो. मला हवं होतं तसं.

गावी मोतीबिंदू काढला, नजर लख्ख झाली. पण पान्हा पुन्हा हातात घेतला नाही. बिजागरी ढिली झाली तरी सुताराला बोलवायचे. आल्यागेल्याला मात्र सांगायचे, "हात गेला, पण सकीनाने एका शब्दाने टोमणा मारला नाही."

एकदा पुतण्या आपला टेम्पो घेऊन अंगणात आला. "चाचा, थरथरतोय बघा." हे उठले, खाली वाकले, हौसिंगवर तळवा ठेवला. मी दारातून बघत होते. त्यांना कळलं. तोंडावर लगेच दिसलं — चूक कुठे आहे ते त्यांना बरोब्बर कळलं होतं. मग त्यांनी हात मागे घेतला, लुंगीला पुसला.

"दापोलीला ने कुणाकडे. मला आता त्यातलं कळत नाही."

कळत होतं. मी उंबऱ्यावर होते, ते अंगणात. गेल्या रमजानात ते गेले, आणि मधल्या सगळ्या वर्षांत आम्ही रोज एका ताटात जेवलो. टेम्पो आला त्या दिवशी, खरा आकडा सांगायचा सोडून, मी आत जाऊन चहा ठेवला.