विमलकाकूंच्या डब्यातला फोटो

विमलकाकू लग्नाला गेल्या की जेवणाआधी पत्रिका गोळा करायच्या. उकाड्यात कोणी पत्रिकेनं वारा घेत असलं, तर शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "झालं की मला द्या हं, फेकू नका." घरी आल्यावर त्या पत्रिकेचा सोनेरी गणपती, मखमली कागद, गोंडा, सगळं वेगळं व्हायचं आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायचं.

लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्या आमच्या समोर राहायच्या. काका पॉवरलूमवर होते. ते वारल्यावर काकू घरी साड्यांवर चमकत्या टिक्या चिकटवायचं काम करू लागल्या. चार वाजता साड्यांचं गाठोडं बांधलं की डबा उघडायचा. गल्लीतली मुलगी सासरी निघाली, कोणाला बाळ झालं, कोणाची बदली झाली, की काकू स्क्रॅपबुकच्या जाड कागदाचं एक पान सजवून द्यायच्या. फोटोवर बांगडी ठेवून गोल आखायचा, कापायचा, खाली जरा मोठा रंगीत कागद लावायचा म्हणजे आपोआप चौकट दिसते. कडेला जरीची किनार. पुस्तकात दाबून वाळवलेली पिंपळाची पानं. चिकटवायला मैद्याची खळ.

मी बारावीत असताना रोज त्यांच्याकडे बसायचे. काकू घरात अहिराणीच बोलायच्या. मी पानावर फुलं, टिकल्या, पक्षी असं सगळंच लावायला निघाले की हात धरायच्या. "एक पानवर एकच गोट सांग, माय. नवरीनं पान शे ना? मंग नवरीलेच दिसू दे." आणि कातर हातात घेतली की हमखास, "आधी देख, मंग काप. कापेल कागद जुडत नही."

गल्लीतलीच माझी मैत्रीण ज्योती लग्न होऊन नवापूरला जाणार होती. तिच्यासाठी पान मी एकटीनं करायचं ठरवलं. हळदीच्या आदल्या दिवशी काकू चलथाणला बहिणीकडे गेलेल्या. माझ्याकडे ज्योतीचा लहानपणीचा एकही फोटो नव्हता. काकूंची सून संगीता पाणी भरायला गेली होती. मी डबा उघडला. तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, डुमसच्या समुद्रावर गेलेल्या गल्लीच्या सहलीचा फोटो होता. ज्योती सहा-सात वर्षांची, मागे काका मोठ्यानं हसताहेत, त्यांचा हात तिच्या डोक्यावर. मी बांगडी ठेवली आणि कापलं.

गोलात ज्योती आली, काकांची चार बोटं आली. बोटांवर मी सोनेरी कागदाचं फूल चिकटवलं. उरलेल्या फोटोत काकांचा चेहरा हनुवटीपासून कापला गेला होता. तो तुकडा मी पिशवीत घालून परत ठेवला. ज्योती पान बघून रडली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. फोटो कुठला, हे कोणी विचारलं नाही, आणि काकू परतायच्या आत पान ज्योतीच्या बॅगेत गेलं होतं.

दोन दिवसांनी काकूंनी डबा काढला तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी पिशवीतून फोटो काढला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. काका हसताना निघालेला तेवढा एकच फोटो होता, हे मला तेव्हा कळलं.

"कोनी कापा हाऊ फोटू?" त्यांनी संगीताला विचारलं.

"आत्या, मी नाही."

"घरमा तूच व्हती ना?"

संगीताच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही, आधारासाठी. मी खाली बघून खळ ढवळत राहिले.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. संगीता शेजारी येऊन बसली की कातर उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवायच्या. हळूहळू ती तिथे बसायचीच बंद झाली. मला मात्र त्या पूर्वीसारखंच शिकवत राहिल्या. आज सांगू, उद्या सांगू, असं मी म्हणत राहिले. माझं लग्न ठरलं तेव्हा माझंही पान त्यांनी केलं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पाच-सहा वर्षांनी काकू गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. मी सासरहून, नाशिकहून, भेटायला गेले. बायका उठून गेल्यावर संगीताला म्हटलं, "तो फोटो मी कापला होता."

ती गव्हातले खडे निवडत होती. हात थांबले.

"आता सांगता, ताई?"

मी खडे वेचायला हात पुढे केला, तिनं सूप स्वतःकडे ओढलं.

"शेवटच्या आठवड्यात मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते," ती म्हणाली. "त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'संगे, फोटूनं मी इसरी गऊ. तुले माफ कय.' मलाच माफ केलं त्यांनी. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, 'हो आत्या, चुकलं माझं.'"

मग सूप उचलून ती आत गेली. मला कोणी बस म्हटलं नाही, कोणी ऊठही म्हटलं नाही.