रशियाच्या वास्तुकाराची समाप्ती

त्या श्रावणात पोथीवर गळतीचं पाणी पडलं आणि पानं एकमेकांना चिकटली. औंढ्यात आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच, तीही चौथीपर्यंत. चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. पण सासूबाईंना सात दिवस पोथी ऐकायचा नेम मोडायचा नव्हता. आमचे हे लोणावळ्याला एका बंगल्यात माळी होते, तिथून त्यांनी रशियाचं एक जुनं मराठी मासिक आणलं होतं. त्यातल्या पांढऱ्या दाढीच्या फोटोवर बोट ठेवून सासूबाई म्हणाल्या, "ह्येच वाच. ह्यो बी कुनीतरी मोठाच हाय."

तो इमारतींचे नकाशे काढणारा वास्तुकार होता. रोज दुपारी बायका वाती वळायच्या आणि मी मान खाली घालून त्याचं चरित्र थोडं थोडं वाचायची. बाप लाकडाचा व्यापारी, पोरगा शहरात शिकला, चर्चं बांधली. मग एका स्टेशनाला त्याने तीन मनोरे काढले, तिन्ही वेगळ्या उंचीचे, वर टोकदार छपरं.

"गवंडी पिऊन आलं असतील," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"टोकं काढली ते बरं केलं," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ घसरंल, गंजीवरनं पानी जातं तसं."

सातव्या दिवशी 'राज्यक्रांती झाली आणि त्याचं' इथवर आले, तर पुढचं पानच नव्हतं. समाप्ती झाल्याशिवाय सासूबाई जेवणार नव्हत्या. शिरा तयार होता. मी घाबरून वाचल्यासारखं म्हटलं, "आणि तो मेला."

"कशानं?"

"थंडीनं."

सासूबाईंनी वाती खाली ठेवल्या. "चला अंगुळीला."

"रशियात मेला, त्याचं आपल्याला काय?" जाऊबाई म्हणाल्या.

"सात दिस आपल्या ओसरीवर हुता. परका कसा?"

सगळ्या ओढ्यावर न्हाऊन आल्या, मीही. मग सासूबाई म्हणाल्या, "आता गोड न्हाई. तीन दिस मी पान्यावर ऱ्हानार."

त्या कुडकुडत होत्या. मला राहवेना. "आत्याबाई, त्यो मेला न्हाई. फुडचं पानच न्हाई."

"मग मारला कुनी?"

"मी."

जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. सासूबाई हसल्या नाहीत. "तूच मारलास, तूच उठव. आन बेगीन, भूक लागलीय."

मी मासिक मिटलं आणि मनानंच पुढचं सांगायला लागले. त्याला उठवून दोन शाळा बांधून घेतल्या. मग बायका थांबेनात. एकीला दवाखाना हवा होता, जाऊबाईंना आडोशाची मोरी. सासूबाईंनी आमच्या ओढ्यावर पूल मागितला. त्याला रशियातून कसं आणायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी त्याला एकदम लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरवला आणि चिखलातून चालत औंढ्याला आणला. पूल झाला, नारळ फुटला, तेव्हा सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. शिरा गार झाला होता, तरी दोनदा घेतला.